प्रार्थना करायचीच, पण कुठल्या खोलीत?

प्रश्न : ताई, आम्ही अमेरिकेच्या मधल्या भागात राहतो. इथे वसंत ऋतू लागला की टोर्नाडोच्या, म्हणजे गरगर फिरत येणाऱ्या वादळाच्या, इशाऱ्याचे भोंगे कानांवर पडतच राहतात. घरात मी, माझे यजमान, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. घराला तळघर नाही. यंदा एका रात्री सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजू लागले आणि पाठोपाठ भोंगा सुरू झाला. मी मुलाला उठवून जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत नेलं, ह्यांनी पलंगावरची गादी ओढत आणली. सासूबाई मात्र देवासमोर जाऊन बसल्या. ‘त्याच्या मनात असेल तसं होईल, मी इथेच बरी,’ म्हणाल्या. ह्यांनी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला आणि शेवटी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. दार लावलं आणि थोड्याच वेळात कानांत दडे बसले, घर थरथरू लागलं. अंधारात सासूबाईंनी स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. त्यांच्यामागून मुलगा म्हणू लागला, मग मीही.

बाहेर आलो तेव्हा गॅरेजचं दार आत वाकलं होतं आणि त्यावरचं छप्पर उडालं होतं. आम्हाला साधं खरचटलंही नव्हतं. दोन गल्ल्या सोडून एक घर मात्र पार भुईसपाट झालं. त्या घरातली मुलगी माझ्या मुलाच्या वर्गात आहे. तिचे बाबा गेले. तेही कुटुंब भाविक, दर रविवारी न चुकता प्रार्थनेला जाणारं.

आता सासूबाई सगळ्यांना सांगतात की स्तोत्रानेच आपण वाचलो, पुढच्या वेळी मला ओढाताण नको. हे चिडून म्हणतात की तुझ्या देवापायी सगळेच गेलो असतो. आणि मुलगा रोज झोपताना विचारतो, ‘आई, त्यांनी प्रार्थना केली नसेल का गं?’ त्याला काय सांगू? आणि ह्या दोघांत बरोबर कोण?

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : आधी मुलाचं बघू. मोठ्यांची भांडणं चार दिवसांनी निवतात, पण ह्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर तो मुलाच्या मनात घर करेल.

त्याला सरळ सांगा, ‘त्यांनी नक्की केली असेल. प्रार्थना करणारी माणसंसुद्धा वादळात जातात आणि न करणारी वाचतात.’ हे तुम्ही सांगितलं नाहीत तर तो आपला आपण हिशोब मांडेल, आणि त्या वयातला हिशोब फार कठोर असतो. आपण वाचलो म्हणजे आपण चांगले, तिचे बाबा गेले म्हणजे त्यांचं काहीतरी चुकलं असणार. उद्या ती मुलगी वर्गात परत येईल तेव्हा हे त्याच्या मनात असता कामा नये. आणि पुढे कधी तुमच्याच घरात काही वाईट घडलं तर हाच हिशोब तो स्वतःवर उलटवेल. माझीच प्रार्थना कमी पडली, असं एखाद्या लेकराने मनात धरून बसणं मला सहन होत नाही, म्हणून इतक्या ठामपणे लिहिते आहे.

अलाबामा राज्यात पीडमाँट गावाजवळ गोशेन नावाचं एक चर्च होतं. २७ मार्च १९९४, पाम संडेचा, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारचा दिवस. सकाळची उपासना चालू होती, मुलं सणाचा कार्यक्रम करत होती. टोर्नाडो थेट त्या इमारतीवर आला, छत कोसळलं आणि प्रार्थनेला जमलेल्यांपैकी वीस जण दगावले. त्यांत लहान मुलं होती. त्या चर्चच्या पाद्री एक बाई होत्या. त्यांची चार वर्षांची मुलगी त्यात गेली. प्रार्थना कमी पडली, असं ह्या माणसांबद्दल कोण म्हणू धजेल? ती त्या क्षणी प्रार्थनाच करत होती.

कमी पडलं ते वेगळंच. हवामान खात्याचा इशारा सुमारे दहा मिनिटं आधी निघाला होता, पण तो चर्चमध्ये बसलेल्या कुणाच्याही कानावर गेला नाही. त्या भागात भोंगा नव्हता, हवामानाचे इशारे देणारा रेडिओही पोचत नव्हता. ह्या घटनेनंतरच अमेरिकी सरकारने त्या रेडिओचं जाळं देशभर वाढवायचं ठरवलं. आणि त्याच पाद्रीबाईंनी, पोटची मुलगी गेल्यानंतर आठवड्याभरात, मोडक्या चर्चच्या आवारात ईस्टरच्या पहाटेची उपासना केली. मला ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत. श्रद्धा टिकली आणि रेडिओही आला.

मुलगा विचारेल, मग त्यांचं घर का पडलं आणि आपलं का नाही? ह्याचं उत्तर देता येतं, आणि ते द्याच. मी इमारतींच्या बांधणीत आयुष्य घालवलेली बाई, मला ह्यातलं थोडं कळतं. मोठ्या टोर्नाडोच्या आत लहान लहान भोवरे फिरत असतात. टेत्सुया फुजिता ह्या शास्त्रज्ञांनी विमानातून काढलेल्या फोटोंचा अभ्यास करून हे दाखवून दिलं. टोर्नाडोची तीव्रता मोजायची एफ श्रेणी त्यांचीच, १९७१ ची. असा एक आतला भोवरा ज्या घरावरून जातो ते जमीनदोस्त होतं आणि शेजारच्या घराची नुसती कौलं जातात. शिवाय छप्पर भिंतीला कशाने जखडलंय, भिंत पायाला बोल्टांनी धरलीय की नुसत्या खिळ्यांनी, ह्यावर पुष्कळ ठरतं. मुलाला कागदावर मोठा गोल काढून आत छोटे गोल काढून दाखवा. वारा कुणाचा चांगुलपणा तपासत नाही, हे त्याला चित्रातून चटकन कळेल. त्यानंतर मग देवाचे आभार मानायला त्याला जरूर शिकवा. आपण आहोत म्हणून आभार, इतकंच. ते गेले आणि आपण राहिलो म्हणून नव्हे.

आता सासूबाई. त्यांना हट्टी समजू नका. वादळाकडे असं बघणाऱ्या त्या एकट्या नाहीत. १९७२ साली जॉन सिम्स आणि डुआन बाउमन ह्या दोघांनी ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात एक अभ्यास छापला. उत्तरेकडचं इलिनॉय आणि दक्षिणेकडचं अलाबामा इथल्या लोकांना त्यांनी टोर्नाडोबद्दल विचारलं. अलाबामातली माणसं आयुष्याची सूत्रं देवाच्या हातात आहेत असं जास्त प्रमाणात मानणारी निघाली आणि इशाऱ्यांकडे कमी लक्ष देणारी. दक्षिणेत टोर्नाडोचे बळी जास्त का, ह्याचं कारण त्यांनी त्यात शोधलं. पुढच्या अभ्यासकांना ते पुरेसं वाटलं नाही. तिकडे टोर्नाडो रात्री जास्त येतात, घरं हलकी असतात, झाडी-टेकड्यांमुळे वादळ लांबून दिसत नाही, ही कारणं त्यांनी पुढे आणली आणि मला ती जास्त पटतात. भाविक माणूस बेपर्वाच असतो असं नाही. पण ‘त्याच्या मनात असेल तसं होईल’ हे वाक्य भोंगा वाजल्यावर बोलायचं की दार लावून घेतल्यावर, ह्यात फरक आहे, आणि तो जीव घेणारा आहे.

सासूबाईंना मी एक खरी गोष्ट सांगेन. २२ मे २०११ ला मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन शहरावर टोर्नाडो आला. दीडशेहून अधिक माणसं गेली. पळत आलेली वीसएक माणसं एका पेट्रोल पंपावरच्या दुकानात शिरली, आणि दुकानाच्या काचा फुटू लागल्या तशी मागच्या बाजूला बाटल्या गार ठेवायची जी बंदिस्त खोली असते तिच्यात एकमेकांवर जाऊन पडली. त्यांतल्या एकाच्या फोनवर ते सगळं रेकॉर्ड झालं आहे. चित्र जवळजवळ काळंच आहे, ऐकू येतं ते सगळं. वाऱ्याचा गडगडाट, रडणं, येशूचा धावा, अनोळखी माणसांनी एकमेकांना ‘माझं प्रेम आहे तुमच्यावर’ म्हणणं. दुकान राहिलं नाही, त्या खोलीतली माणसं वाचली. त्यांनी देवाला हाक मारली ती त्या खोलीत शिरून, एकमेकांना धरून. सासूबाईंनीही तेच केलं आहे, थोडं उशिरा आणि मुलाच्या हाताला धरून. त्यांचं स्तोत्र जिन्याखाली म्हटलं गेलं, देवासमोर नाही. ‘आई, देवाने तुमच्या मुलाच्या हातांनी तुम्हाला उचललं असं का नाही समजत?’ असं प्रेमाने एकदा विचारून बघा. वाद घालायला नव्हे, खरंच विचारायचं म्हणून.

आणि त्यांना काम द्या. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला सामानासारखं उचलून नेलं की ते हटून बसतं, त्यात नवल नाही. जिन्याखालची खोली त्यांच्या ताब्यात द्या. देवाची एक छोटी तसबीर आणि स्तोत्राचं पुस्तक कायमचं तिथेच ठेवा, म्हणजे देवाला सोडून जायचं हा प्रश्नच उरणार नाही. नातवाचा हात धरून त्याला आत न्यायची जबाबदारी त्यांची. ‘तुम्ही आत गेल्याशिवाय तो जाणार नाही’ ह्यापुढे कुठलीही आजी बसून राहात नाही. एक गोष्ट मात्र कडक पाळा. तिथे निरांजन, मेणबत्ती, उदबत्ती काहीही पेटवायचं नाही, आणि वादळानंतर घरात कुठेच नाही. घर हललं की गॅसचे पाइप सुटतात, आणि वादळातून वाचलेलं घर मागाहून पेटतं. बॅटरीचा दिवा लावा.

सासूबाई पायांनी अधू असतील तर वेळेचं गणित आधीच करायला हवं. ‘टोर्नाडो वॉच’ म्हणजे आज तशी हवा आहे, काही तासांत होऊ शकतो. ‘टोर्नाडो वॉर्निंग’ म्हणजे रडारवर किंवा डोळ्यांना दिसलाय, आता निघा. वॉर्निंगनंतर हातात साधारण दहा मिनिटं असतात, कधी त्याहून कमी. म्हणून रात्री वॉच असेल तर सासूबाईंना त्या खोलीजवळच झोपवा, बाहेर जायच्या कपड्यांत, पायाशी बूट ठेवून. काचा आणि खिळ्यांच्या ढिगाऱ्यातून अनवाणी चालताना पाय फाटलेली माणसं मी पाहिली आहेत. टोर्नाडोने काही केलं नाही, मागाहून अंगणाने केलं.

तुमच्या यजमानांचा राग मला समजतो. ती काही मिनिटं त्यांच्या छातीवर बसली असतील. जॉप्लिनच्या चौकशीतही हेच पुढे आलं की पहिला भोंगा ऐकून बहुतेकांनी लगेच आसरा घेतला नाही. कुणी खिडकीतून आकाश पाहिलं, कुणी टीव्ही लावला, कुणी शेजाऱ्याला विचारलं. इशाऱ्यांपैकी जवळपास ७० टक्के वेळा टोर्नाडो होतच नाही, त्यामुळे माणसं सैलावतात. म्हणजे वेळ दवडणारे सगळेच भाविक नसतात. अंगणात उभं राहून ढगांचे फोटो काढणारेही त्याच रांगेतले. हे त्यांनी आईला बोलण्याआधी मनात आणावं.

पण अंधारात स्तोत्र म्हणणं त्यांना निरुपयोगी वाटत असेल तर मी त्यांच्याशी सहमत नाही. ल्युचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र लयीत म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या ठोक्यांचं नियमन सुधारतं. बंद खोलीत घाबरलेल्या मुलाला ह्याहून चांगलं काय देणार? पाठ असलेले शब्द भीतीतही तोंडात येतात, विचार करावा लागत नाही. आणि आवाज चालू असतो तोवर अंधारात प्रत्येकाला कळतं की बाकीचे आहेत. यजमानांना म्हणावं, विश्वास नसला तरी आईच्या सुरात सूर मिळवा, मुलगा तुमचाही आवाज शोधत असतो.

तुमच्या जिन्याखालच्या खोलीबद्दलही थोडं बोलते, कारण पुढच्या वेळी तुम्ही तिथेच जाणार. जागा चांगली निवडलीत. घराच्या मधोमध, खिडकी नसलेली, भिंती जवळजवळ असलेली छोटी खोली शेवटपर्यंत तग धरते. अख्खं घर गेलं आणि मधलं एक कपाट उभं, आत हँगरवर कपडे जसेच्या तसे, हे दृश्य वादळानंतरच्या पाहणीत पुन्हा पुन्हा दिसतं. पण आत वरच्या फळीवर रंगाचे डबे, इस्त्री, जुना मिक्सर असं काही असेल तर आजच काढा. टोर्नाडोत माणूस बहुतेक वेळा मरतो तो उडत्या आणि पडत्या वस्तूंनी. डोक्याला हेल्मेट हवं, सायकलचं चालेल, आजीलासुद्धा. गादी वर घ्यायची, खाली नाही. एक शिट्टी ठेवा, ढिगाऱ्याखालून ओरडून घसा बसतो. आणि गॅरेजचं दार गेलं होतं, असं तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. बहुतेक घरांत पहिला घाव तिथेच बसतो. रुंद, पातळ पत्रा आत दबला की वारा घरात घुसतो आणि छप्पर आतून उचलतो. दुरुस्ती करताना जोराच्या वाऱ्याला टिकणारं दार बसवून घ्या, आणि छप्पर भिंतीला धातूच्या पट्ट्यांनी जखडायला सांगा.

ऐपत असेल तर पोलादी किंवा काँक्रीटची सुरक्षित खोली बांधता येते. टेक्सास राज्यातल्या लबक शहरावर ११ मे १९७० ला टोर्नाडो आला, त्यानंतर तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठात ह्यावर मोठं काम झालं. जवळपास ७ किलोचा लाकडी वासा ताशी १६० किलोमीटर वेगाने भिंतीवर डागतात आणि तो आरपार जात नसेल तरच ती भिंत पास. अशी खोली असेल तर सासूबाईंचा देव थेट तिथेच हलवा. रोजची पूजा तिथेच होऊ द्या. भोंगा वाजेल तेव्हा त्या आपसूकच योग्य जागी बसलेल्या असतील.

त्या मुलीच्या घरी मात्र जाऊन या. ‘देवाची इच्छा’ हे शब्द तिथे उच्चारू नका, सासूबाईंनाही सांगून ठेवा. डबा, मुलांना शाळेत ने-आण, विम्याचे कागद भरायला मदत, एवढं पुरे. तुमचा मुलगा तिच्याशी खेळायला गेला तर त्याला जाऊ द्या.

प्रश्न : आमचं प्रार्थनामंडळ दर आठवड्याला एका मोठ्या सभागृहात जमतं. वादळाचा इशारा आला तर तिथेच थांबून सामुदायिक प्रार्थना करावी, असं काहींचं मत आहे.

उत्तर : मुख्य सभागृहात थांबू नका. मधे खांब नसलेलं लांबरुंद छप्पर वाऱ्याने उचललं गेलं की भिंतींना वरून धरणारं काही राहत नाही आणि त्या आत पडतात. देवळाचं सभागृह असो, चर्च असो, शाळेची जिम असो, दोष त्या रचनेचा आहे. आतला बोळ, स्वच्छतागृह, सामानाची छोटी खोली, जिथे वर छप्पर लहान आणि भिंती जवळ आहेत तिथे सगळ्यांनी जायचं, खाली बसून डोकं झाकायचं. प्रार्थना तिथे म्हणा. आधी एकदा सगळ्यांना घेऊन चालून बघा, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला कोण नेणार हे ठरलेलं राहील. आणि मंडळात फोन बंद ठेवायचा नियम असेल तर आळीपाळीने एकाला त्यातून सूट द्या, त्याने इशाऱ्यांकडे लक्ष ठेवायचं.

प्रश्न : टोर्नाडो आला की खिडक्या उघडाव्यात म्हणजे दाब समान होऊन घर फुटत नाही, असं आमचे शेजारी सांगतात. खरं का?

उत्तर : नाही. घर दाबाने फुटत नाही, वाऱ्याने आणि त्यातून येणाऱ्या लाकडा-विटांनी मोडतं. खिडकी उघडायला गेलेला माणूस नेमका काचेसमोर उभा असतो. खिडक्या राहू द्या, आतली दारं मात्र वेळ असेल तर बंद करा.

प्रश्न : मी चाकांवरच्या तयार घरात राहते, मोबाइल होममध्ये. मधल्या न्हाणीघरात लपले तर चालेल?

उत्तर : नाही चालणार, ताई. पायाला पक्कं न धरलेलं घर कमी ताकदीच्या टोर्नाडोतही उलटतं, आणि अमेरिकेत टोर्नाडोत घरात दगावणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं अशाच घरांतली असतात. जवळचं पक्कं घर किंवा सार्वजनिक आसरा कुठला हे आजच ठरवा, त्यांना सांगून ठेवा की रात्री-अपरात्री दार वाजवेन. वॉच लागला की निघा, वॉर्निंगची वाट बघू नका. खोटा इशारा निघाला तर एक रात्र दुसरीकडे झोपलात, एवढंच.

प्रश्न : गाडीत असताना टोर्नाडो दिसला तर पुलाखाली थांबावं का? तसा व्हिडिओ पाहिला होता.

उत्तर : पुलाखाली अजिबात नको. १९९१ मधला कॅन्ससचा तो व्हिडिओ फार पसरला आणि त्यावर विसंबून ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात माणसं पुलांखाली थांबली. त्या दिवशी तीन वेगवेगळ्या पुलांखाली माणसं दगावली. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा आणखी जोराने घुसतो आणि धरायला काहीच नसतं. टोर्नाडो लांब असेल तर त्याच्या वाटेपासून बाजूला निघून जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा. ते शक्य नसेल आणि गाडीवर काटक्या-पत्रे आदळू लागले असतील तर गाडी थांबवा, पट्टा बांधलेला राहू द्या, काचेच्या पातळीखाली वाका आणि डोकं हातांनी, जाकिटाने, जे मिळेल त्याने झाका. रस्त्यापेक्षा बराच खोल खड्डा अगदी शेजारी असेल तर गाडी सोडून त्यात पालथे झोपा. मुलं बरोबर असतील तर त्यांना तुमच्या अंगाखाली घ्या.